वारशाची दुनळी आणि मुंबईची हवा: जुन्या नळ्या कशा सांभाळाव्यात

कोकणातल्या घराच्या वाटण्या झाल्या की भांडीकुंडी, देव, आंब्याची कलमं यांच्या जोडीला एखाद्याच्या वाट्याला दुनळी बंदूकही येते. गावात तिनं रानडुकरं आणि वानरं हुसकण्यात आयुष्य काढलेलं असतं. मग ती रीतसर पुतण्याच्या नावावर होते, आणि पुतण्या राहतो माहीमला, समुद्रापासून पाच मिनिटांवर. माझं असंच झालं. काकांची बारा बोअरची, बर्मिंगहॅमची बनावट. आधीच्या ऐंशी वर्षांत तिच्या नळ्यांचं जे नुकसान झालं नव्हतं, ते मी पहिल्या दोन वर्षांत करून दाखवलं. बरंचसं हौसेपोटी.

म्हणून हे लिहितोय. नेम कसा धरावा हे यात नाही, फक्त नळ्यांची निगा आहे. आणि बहुतेक ठिकाणी मी तुम्हाला ‘थांबा’च म्हणणार आहे, कारण नळीचं लोखंड एकदा घासून गेलं की परत भरता येत नाही.

आधी परवाना समोर ठेवा

स्वतःची बंदूक पुसायला, तिला तेल द्यायला मालकाला कुणाची परवानगी लागत नाही. पण दुरुस्ती हा परवान्याचा धंदा आहे. १९५९च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ मध्ये बनवणं आणि विकणं यांच्याच पंगतीत ‘दुरुस्ती’ बसवलेली आहे. त्यामुळे कोपऱ्यावरचा लेथवाला कितीही कसबी असला तरी नळी त्याच्याकडे न्यायची नाही, परवाना असलेल्या बंदूकवाल्याकडेच न्यायची. नळी आखूड करायची कल्पना डोक्यात असेल तर कलम ६ आडवं येतं. आणि कलम ८ तर पॉलिशपेपर हातात धरणाऱ्या प्रत्येकानं पाठ करावं: बंदुकीवरचा नंबर, नाव, ओळखखूण खरवडणं किंवा बदलणं हा गुन्हा आहे.

मी ते वाचलं नव्हतं. नळ्यांच्या मागच्या टोकाला खालून जो सपाट भाग असतो, तिथे थोडा गंज दिसला म्हणून मी मजेत पॉलिशपेपर मारला. छान चकाकला. नूतनीकरणाच्या वेळी समोरच्या कारकुनानं भिंग लावून पाहिलं, परत पाहिलं आणि विचारलं, “साहेब, हा तीन आहे की आठ?” काकांचा जुना परवाना जपून ठेवलेला होता म्हणून निभावलं. तेव्हापासून त्या सपाट भागावर मी तेलाच्या फडक्याखेरीज काही टेकवलेलं नाही.

दोन गोष्टी ओझरत्या सांगतो. बंदूक शंभर वर्षांची आहे म्हणून परवाना लागत नाही, हा गैरसमज आहे. बार काढण्याच्या स्थितीत असेल तर लागतो. आणि माळ्यावर कागदांशिवाय बंदूक सापडली तर तिला पुसत बसू नका. पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा, पावती घ्या आणि मग वारस म्हणून अर्ज करा. २०१६च्या शस्त्र नियमांत त्याची सोय आहे. मुंबईत हे काम पोलीस आयुक्तांच्या अखत्यारीत येतं, कचेरी क्रॉफर्ड मार्केटच्या समोर.

खोलणं

काडतुसं दुसऱ्या खोलीत, कुलपात. नळ्यांची तोंडं माणूस नसलेल्या बाजूला, बोट चापापासून लांब. वरची तरफ सरकवून बंदूक उघडा, दोन्ही चेंबर, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं ती जागा, डोळ्यांनी बघा, मग करंगळी घालूनही बघा. करंगळी घालायला लाजू नका, जुने शिकारीही घालतात. मग बंदूक मिटून फोर-एंड काढा, म्हणजे नळ्यांखाली डाव्या हाताच्या पकडीला असलेला लाकडी तुकडा. पुन्हा तरफ सरकवली की नळ्या आकड्यावरून सुटून हातात येतात. दस्ता आणि घोड्यांचा भाग बाजूला ठेवून द्या. पुढचं सगळं काम नुसत्या नळ्यांवर.

फोर-एंडखालची नळी नीट पाहून घ्या. तिथे हाताचा घाम पोचत नाही, त्यामुळे मूळचा रंग बहुधा तिथेच शिल्लक असतो. बाकीची नळी आज करडी दिसत असली तरी ती एकेकाळी निळीकाळी होती की तपकिरी, हे तिथे कळतं. तपकिरीवर नागमोडी, भोवऱ्यांची नक्षी दिसली तर नळ्या दमास्कस आहेत: लोखंडाच्या आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, सळईभोवती गुंडाळून, तापवून ठोकून जोडलेल्या. साधारण १९००पर्यंत अशा नळ्यांचं चलन होतं. नावावरून आपल्याकडच्या जुन्या तलवारींचं पोलाद आठवतं, पण त्याचा आणि याचा संबंध फक्त नक्षीपुरता.

नळी वाचायला शिका

ही पायरी मला सगळ्यात आवडते, आणि नवखे हीच गाळतात.

पहिली परीक्षा कानाची. नळ्यांच्या खाली जो आकडा असतो, त्यात सुतळी अडकवून नळ्या लोंबत्या धरा आणि बोटाच्या पेरानं हलकेच टिचकी मारा. घट्ट जोडलेल्या नळ्या देवळातल्या लहान घंटेसारख्या निनादतात आणि तो नाद रेंगाळतो. ‘ठक्’ असा मेलेला आवाज आला, किंवा सैल झाकणासारखी थरथर ऐकू आली, तर दोन नळ्यांच्या मधली पट्टी, जिला बंदूकवाले रिब म्हणतात, कुठेतरी सुटलेली आहे. रिब कथील-शिशाच्या डागानं जोडलेली असते. एकदा का तिथे फट पडली की पाणी आत शिरतं आणि दोन नळ्यांच्या मधल्या बंद पोकळीत गंज धरतो, बाहेरून काही दिसत नाही. आमच्या दुनळीचा उजव्या बाजूचा डाग असाच चार बोटं सुटला होता. मी त्यावर दोन पावसाळे बाहेरून तेल चोळत होतो.

दुसरी परीक्षा डोळ्याची. नळी आतून पुसून घ्या, खिडकीकडे धरा आणि चेंबरच्या बाजूनं आत पाहा. खिडकीच्या चौकटीची आडवी कड आतल्या भिंतीवर गोल कड्यांसारखी दिसेल, एकात एक. नळी हळूहळू फिरवा. कडी सगळीकडे गोल राहिली तर ठीक. एका जागी कडीला पोचा आला की बाहेरून मार बसून तिथे नळी दबली आहे. गोल काळी वळी पूर्ण फिरली तर तिथे नळी फुगली आहे, म्हणजे कधीतरी तोंडात चिखल किंवा अडकलेला बोळा असताना बार निघाला असणार. फुगवटा दिसला की त्या बंदुकीतून बार काढायचा विषय मिटला, आधी जाणकाराला दाखवायची. पोचा मिस्त्री आतून बरोबर मापाचा गोळा घालून उचलतो. आपण तिथे हातोडी, लाकूड, स्पॅनर काही घेऊन जायचं नाही.

बारीक काळे ठिपके म्हणजे गंजानं खाल्लेले खड्डे. किती खोल, हे डोळ्यांना कळत नाही. भिंतीची जाडी मोजायचं माप बंदूकवाल्याकडे असतं. ब्रिटिश धंद्यात २० थाऊ, म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर, ही खालची मर्यादा धरतात. ‘आतून घासून आरशासारखी करून देतो’ असं कुणी म्हणालं की आधी विचारा, घासल्यावर किती उरेल? बारा बोअरचं नाममात्र माप ०.७२९ इंच, म्हणजे साडेअठरा मिलिमीटर. आकडा कुठून आला तेही गमतीचं आहे: एक पौंड शिशाचे बारा सारखे गोळे केले तर त्यातला एक ज्या नळीत बसेल, ती बारा बोअर. नळी नवी असताना जादा दाबाचा बार काढून तिची ताकद तपासतात आणि तसा शिक्का मारतात. घासून घासून हे माप फार वाढलं तर त्या जुन्या चाचणीचा शिक्का निरर्थक होतो.

शिक्के सपाट भागावर असतात. लंडनचं चाचणीघर गनमेकर्स कंपनीचं, तिची सनद १६३७ची. बर्मिंगहॅमचं चाचणीघर १८१३चं. १९०४ ते १९५४ या काळातल्या बर्मिंगहॅमच्या नळीवर मुकुटाखाली बी.पी. आणि बी.व्ही. ही अक्षरं असतात, बेल्जियमच्या लिएजची असेल तर लंबगोलात ई.एल.जी. अशा जुन्या नळीवर ‘नायट्रो प्रूफ’, म्हणजे आजच्या बिनधुराच्या दारूला पास, असं लिहिलेलं नसेल तर ती बहुधा फक्त जुन्या, धूर करणाऱ्या काळ्या दारूसाठी तपासलेली आहे, आणि आजची काडतुसं तिच्यासाठी नाहीत. दमास्कसच्या बाबतीत तर जाणकाराच्या लेखी मताशिवाय एकही बार नको. कपाटात ती सुंदर दिसते, तेवढं पुष्कळ.

चेंबरची लांबी मोजून घ्या. जुन्या इंग्लिश बंदुकींचं चेंबर अडीच इंचाचं, म्हणजे धंद्याच्या भाषेत ६५ मिलिमीटर असतं. ७० मिलिमीटरचं काडतूसही त्यात छान बसतं, आणि तोच धोका आहे. काडतुसावरची लांबी ही बार निघून तोंड उलगडल्यानंतरची असते. मिटलेलं असताना ते आखूड असतं म्हणून आत जातं, आणि उलगडायला जागा न मिळाल्यानं दाब वाढतो. खडकीचं ‘शक्तिमान’ घ्या की परदेशी घ्या, डब्यावरचा आकडा वाचल्याशिवाय घेऊ नका.

आतली सफाई

लागणारं सामान फार नाही. लाकडी किंवा पितळी गज, लोखंडी नव्हे. बारा बोअरचा फॉस्फर ब्राँझचा ब्रश. जुन्या धोतराच्या किंवा मलमलच्या चिंध्या, चार बोटांचे चौकोन. बंदुकीसाठीचं सॉल्व्हंट, नसेल तर थोडं रॉकेल. आणि शिलाई मशीनचं तेल.

गज नेहमी चेंबरकडून घालायचा, तोंडाकडून कधीच नाही. तोंडाशी चोक असतो, म्हणजे नळी जराशी आवळत आणलेली असते. तिथली कड घासली गेली की छऱ्यांचा फेर बिघडतो.

आधी कोरड्या चिंध्या, दोन-तीन, आरपार. मग सॉल्व्हंटची ओली चिंधी, आणि दहा मिनिटं चहा. मग ब्रश: पूर्ण आत, तोंडाबाहेर निघेपर्यंत, मग परत. मध्येच दिशा बदलली तर केस वाकतात आणि ब्रश अडकून बसतो. आठ-दहा फेऱ्या पुरतात. चेंबर संपून नळी अरुंद होते तिथे आणि चोकच्या जरा अलीकडे शिसं आणि काडतुसातल्या प्लास्टिकच्या बुचाचे कण चिकटून राहतात, तिथे ब्रश चार वेळा जास्त. पुन्हा चिंध्या, पांढरी आत गेली की पांढरी बाहेर येईपर्यंत. पण जुन्या नळीत थोडी करडी येतच राहते. तिच्या मागे लागू नका. शेवटी तेलाचे दोन थेंब टाकलेली चिंधी एकदाच फिरवायची.

काळ्या दारूचा बार काढलेला असेल, किंवा जुनाट काडतुसं वापरली असतील, तर नुसतं तेल फसवतं. त्या जळक्यात आणि काडतुसाच्या बुडाशी ठिणगी पाडणाऱ्या जुन्या टोप्यांच्या राखेत क्षार असतात, ते हवेतलं पाणी ओढतात आणि तेलात विरघळत नाहीत. त्यांना पाणीच लागतं. नळ्या उभ्या धरून चेंबरकडून कढत पाणी ओता, भरपूर. लोखंड तापतं, त्यामुळे आपोआप लवकर सुकतं. मग कोरडं पुसून लगेच तेल. मात्र रिबचा डाग सुटलेल्या नळ्यांवर पाणी ओतायचं नाही, तिथे ओल्या चिंध्यांनीच भागवा.

बाहेरचा गंज

लोकसभेच्या एका निवडणुकीत बंदूक जमा करावी लागली. परत मिळाली ती फडक्यात गुंडाळलेली, फडकं दमट. डाव्या नळीवर चार बोटांचे ठसे लालसर उमटलेले, इतके स्पष्ट की रेषा मोजाव्यात. कुणाचे ते मी विचारलं नाही. पण घामात मीठ असतं आणि मीठ लोखंडाला सोडत नाही, याचा इतका चांगला नमुना मी पुन्हा पाहिला नाही.

असा वरवरचा गंज काढायचा उपाय म्हणजे तेल आणि आळस. त्या जागी शिलाई मशीनचं तेल लावा आणि रात्रभर सोडून द्या. सकाळी जाडसर फडक्यानं घासा. बराचसा तिथेच निघतो. उरलेल्यासाठी तांब्याच्या पट्टीची बोथट कड तेलात भिजवून हलकेच खरवडा, तांबं पोलादापेक्षा मऊ असल्यानं ओरखडा पडत नाही. त्यानंतरच चार शून्यांची, म्हणजे अगदी बारीक, स्टील वूल, तेलात चिंब, बोटाच्या टोकाएवढी, नळीच्या लांबीच्या दिशेनं. दर दहा घासांनंतर पुसून पाहा. फडक्यावर लाल येतंय तोवर गंज निघतोय. काळंनिळं यायला लागलं की तुम्ही रंग काढताय, थांबा. कोरडी स्टील वूल, पॉलिशपेपर, भांड्याची घासणी, ड्रिलला लावायचं बफचाक यांतलं काहीही नाही.

मेलेला गंज, म्हणजे तपकिरी, गुळगुळीत, हाताला न लागणारा, तसाच राहू द्या. वय आहे ते.

रंग परत आणायचा मोह

करडी नळी पुन्हा निळीकाळी करून घ्यावी असं प्रत्येकाला वाटतं. करून घ्या, पण एक प्रश्न विचारल्याशिवाय नळ्या कुणाच्या हातात देऊ नका: “गरम आंघोळीचं ब्लूइंग करणार की गंजाचं?”

नव्या एकनळी बंदुकांना आणि रायफलींना कॉस्टिक सोड्याच्या उकळत्या द्रावात बुडवून रंगवतात. तासाभरात काम होतं, स्वस्त पडतं. दुनळीला हे विष आहे. कॉस्टिक कथील खातो, त्यामुळे रिबचा डाग कमजोर होतो. शिवाय ते द्रावण रिबच्या आतल्या पोकळीत शिरतं, धुऊन निघत नाही, आणि आतून वर्षानुवर्षं खात राहतं. माझ्या एका मित्राच्या बंदुकीच्या नळ्या अशाच कुठूनशा रंगवून आल्या, अगदी नव्यासारख्या. पुढच्या गणपतीत रिबच्या कडेनं पांढरी भुकटी बाहेर यायला लागली.

दुनळीचा योग्य रंग गंजातूनच येतो. मिस्त्री नळ्या स्वच्छ घासून, तेलाचा अंश काढून, तोंडं लाकडी खुंट्यांनी बंद करतो आणि आम्लाचं पातळ द्रावण पुसतो. नळी मुद्दाम गंजू देतात. तो लालसर मखमली थर धरला की नळ्या डिस्टिल्ड पाण्यात पंधरा-वीस मिनिटं उकळतात. पाण्यातून बाहेर येताना लाल गंज काळा झालेला असतो. मऊ तारेच्या ब्रशनं सुटी भुकटी झाडायची आणि पुन्हा पहिल्यापासून. असे पाच-सहा हात, कधी आठ. थंड देशांत गंज धरावा म्हणून नळ्या दमट पेटीत ठेवाव्या लागतात. आपल्याकडे जुलैत नुसती खिडकी उघडी ठेवली तरी भागतं. मुंबईच्या हवेचा बंदुकीला झालेला एवढा एकच उपयोग मला ठाऊक आहे.

दमास्कसला हीच रीत, पण तपकिरी ठेवून. लोखंड आणि पोलाद वेगवेगळा रंग धरतात म्हणून नक्षी उठते. बाटलीतलं थंड ब्लूइंग एखाद्या ओरखड्यापुरतं चालतं, आख्ख्या नळीला लावलं तर धब्बे पडतात.

देताना पावती घ्या, त्यावर बंदुकीचा नंबर हवा. नंबर आणि शिक्क्यांच्या जागेला पॉलिश लागणार नाही हे लिहून घ्या. मिस्त्री चांगला असेल तर त्याला राग येणार नाही, तो स्वतःच तिथे चिकटपट्टी लावून दाखवेल.

ठेवायची कुठे

हवेतली आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर गेली की पोलाद झपाट्यानं गंजायला लागतं, आणि पावसाळ्यात आपल्याकडे ती बहुतेक वेळा ऐंशीच्या आसपास किंवा वरच असते. वर समुद्राचं मीठ. त्यामुळे चामड्याची पेटी, कॅन्व्हासची पिशवी, हिरव्या बनातीचं अस्तर हे सगळं नेण्या-आणण्यापुरतंच. त्यात बंदूक ठेवून दिली तर ती ओल्या टॉवेलात ठेवल्यासारखी. कुलपाचं लोखंडी कपाट, बाहेरच्या भिंतीला न टेकवलेलं, आत सिलिका जेल. निळे दाणे गुलाबी झाले की कढईत मंद आचेवर परतून पुन्हा निळे करायचे. प्रिन्सेस स्ट्रीटवर ते किलोनं मिळतात.

नळ्यांवर तेलाचा पातळ थर, किंवा जून ते सप्टेंबर व्हॅसलीनचा हात. खोबरेल लावू नका, ते खवट होऊन चिकटतं. डब्ल्यूडी-४० पाणी हटवायला उत्तम, चार महिने राखण करायला नव्हे. बंदूक उभी ठेवायची तर तोंड खाली, फडक्यावर. तोंड वर असेल तर जादा तेल ओघळून दस्त्याच्या लाकडात मुरतं आणि लाकूड कुजून मऊ पडतं. पावसाळ्यात दर पंधरवड्याला एकदा कपाट उघडायचं, हात कोरडे करून बंदूक लाकडाला धरून उचलायची, तेलाचं फडकं फिरवायचं, परत कुलूप.

मोठी तपासणी मी खंडेनवमीला करतो. पाऊस सरलेला असतो आणि बंदूक तशीही पूजेला बाहेर निघते. टिचकी, खिडकीतल्या कड्या, चिंध्या, तेल, सगळं त्याच दिवशी सकाळी. आमच्याकडे आधी नळ्यांवरच हळदकुंकवाची बोटं ओढून झेंडूचा हार रात्रभर ठेवायची पद्धत होती. काकूच्या हातचे ते पाच पट्टे रिबवर अजून दिसतात. आता कुंकू फोर-एंडच्या लाकडाला, हार बंदुकीखालच्या पाटाला, आणि संध्याकाळी दिवा लागायच्या आत सगळं पुसून बंदूक कपाटात.